वाकायचं नाही

३ मार्च, सोमवार

ऑपरेशननंतर ज्यांना 'वाकायचं नाही' असं बजावून घरी पाठवतात, आणि ज्यांच्या घरात केर मात्र अजूनही जमिनीवरच पडतो, अशा तमाम बायकांनो — आपली थट्टा चालली आहे!

बोलायला उभी राहिले तर अशीच सुरुवात करीन. आज सभा नाही, समोर फक्त ही वही. राग मात्र सभेला पुरेल एवढा आहे.

काल दादा म्हणाला, "जिला स्वतःच्या घरातला केर काढता येत नाही, तिने एकटीने राहायचं कशाला?" आईच्या देखत. जणू आई म्हणजे एक कपाट, आणि ते कुठल्या खोलीत ठेवायचं एवढाच प्रश्न. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं, डोक्याचं नाही! दलालाशी बोलणंही करून बसलाय. आईचं घर विकायचं आणि तिने त्याच्याकडे जायचं. कामाला बाई ठेवू म्हटलं तर आई ऐकत नाही. आधीच्या तिघींशी तिचं पटलं नाही. चौथी अजून जन्माला यायचीय.

म्हणून आज तिच्यासाठी उभा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. दुकानातला सगळ्यात स्वस्त, कारण शिक्षिकेच्या पगारात तोच बसतो. विक्रेत्याने गालिच्याच्या तुकड्यावर पांढरी पावडर सांडली आणि एका फटक्यात ओढून दाखवली. मी म्हटलं, "आमच्या घरी पावडर सांडत नाही. केस सांडतात, डाळ सांडते, खडे येतात चपलेबरोबर." तो हसला. "मॅडम, वापरून बघा. नाही आवडलं तर पंधरा दिवसांत बदलून देऊ."

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय — 'वाकणं विसरा.' बघू.

४ मार्च, मंगळवार

शाळा सुटल्यावर थेट आईकडे. आई खुर्चीत, मी मैदानात.

आधी चांगलं लिहिते, नाहीतर मीही जाहिरातवाल्यांसारखीच एकतर्फी ठरायची. ओढ जबरदस्त आहे. सतरंजीतले केस, स्वयंपाकघरातली सांडलेली डाळ, दाराजवळची माती, सगळं गेलं. पारदर्शक डब्यात इतकी धूळ दिसली की आई म्हणाली, "एवढ्यात मी राहत होते?"

आणि आता! सुरू करायचं बटण कुठे? खाली, पायाशी. पायाने दाबा म्हणे — ऑपरेशनच्या पायावर उभं राहून दुसऱ्याने की उलट, ते छापलेलं नाही. दांडा मागे झुकवायचं पेडल इतकं घट्ट की मला दोनदा लाथ मारावी लागली. वायर आखूड, हॉलमधून आतल्या खोलीत जायचं तर प्लग काढायचा, आणि प्लग भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर. डबा रिकामा करायलाही वाकायचं. पलंगाखाली तर जातच नाही, तोंड आडवं होत नाही. म्हणजे केर काढताना वाकणं विसरा, बाकी सगळ्याला वाका. जिने आयुष्यात एकदाही झाडू धरलाय, तिला हे बनवताना कुणी विचारलं असेल?

हे सगळं मी मोठ्याने बोलत होते बहुतेक. यंत्र बंद झाल्यावर आई म्हणाली, "पुढारीणबाई, झालं का? चहा टाकते."

"तू बस, मी टाकते."

"का? चहाला कुठे वाकावं लागतं?"

६ मार्च, गुरुवार

बाजूची नळी वापरून पडदे झाडायला गेले. नळी जरा ओढली आणि ते धूड सरळ माझ्या अंगावर आलं. मी चपळाईने बाजूला झाले. आई झाली असती?

घरी येऊन चिडून बसले होते, तेवढ्यात दादाचा फोन. "काय मॅडम, काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

मी म्हटलं, "उत्तम आहे. आई आरामात चालवेल."

बोलून गेले खरी. खोटी जाहिरात म्हणजे गरिबाच्या खिशात घातलेला हात, असं मी चार गावांत जाऊन ओरडून सांगितलंय. आणि आज मीच! पण खरं काय बोलायचं होतं त्याच्याशी? 'यंत्र बेकार आहे' म्हटलं की तो लगेच म्हणणार, मग आईने सामान बांधायला घ्यावं. एका पेडलवर आईचं घर टांगलंय. हा कुठला न्याय?

दादा म्हणाला, "छान. रविवारी येतो. आईने माझ्यासमोर केर काढून दाखवावा, मी दलालाला नाही म्हणून सांगतो."

दाखवावा! चौऱ्याहत्तराव्या वर्षी परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर ज्याला तिने शी-शू शिकवली तो!

८ मार्च, शनिवार

आईला शिकवायला गेले होते. पाय असा ठेव, वायर खांद्यावरून घे, पलंगाकडे वळूच नकोस. आई निमूट ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "मी जरा हातात घेऊ का?" मी म्हटलं, आधी नीट बघून घे.

९ मार्च, रविवार

दादा आला. चप्पल काढली, सोफ्यावर हाताची घडी घालून बसला. "हं आई. होऊन जाऊ दे."

आई यंत्राजवळ गेली. दांड्यावर हात ठेवला आणि वळली. "तू कर."

"मी?"

"तुझ्याकडे राहायला यायचं ना मी? मग तुझ्या घरी केर कोण काढतं, कसा काढतं, हे मला बघायला नको? कर की. चार हातांचा हॉल आहे."

दादा उठला. बटण सापडेना. मी सांगणार होते, आईने डोळ्यांनी गप्प केलं. एकदाचं सापडलं. यंत्र गर्जलं, दादा दचकला आणि सरळ सतरंजीच्या गोंड्यांत घुसला. ब्रशने गोंडे गिळले. रबर जळल्याचा वास. आतला पट्टा तुटला, आणि यंत्र घुं-घुं करत नुसतं उभं राहिलं.

घाम पुसत दादा म्हणाला, "बघितलंस ना? असल्या भंगारावर आईला सोडून जायचं?"

मग मला कुणी आवरणार होतं? बोलले. बायकांच्या श्रमावर बोलले, म्हाताऱ्यांच्या हक्कांवर बोलले, दलालावर तर बराच वेळ बोलले. दादाही आवाज चढवून बोलला. थांबलो तेव्हा लक्षात आलं, खोलीत आई नाही. आत जाऊन दार लावून घेतलं होतं तिने.

१० मार्च, सोमवार

दादाचा निरोप: दलाल बुधवारी सकाळी घर बघायला येतोय. फोन उलटा ठेवला आणि वह्या तपासायला घेतल्या.

१२ मार्च, बुधवार

मधल्या सुट्टीत आईचा फोन. आवाज खणखणीत.

"यंत्र बदलून आणलं काल."

"कुणी?"

"मी. आणखी कुणी?"

"अगं, दोन जिने! ते धूड उचललंस तू?"

"मी कशाला उचलू? कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याला वर बोलावलं. त्याने नेलं, त्याने आणलं. डॉक्टरांनी वाकू नको म्हणून मला सांगितलंय, त्याला नाही."

दुकानात तिने विक्रेत्याला पावडर काढूच दिली नाही. एकेक यंत्र हातात घेऊन स्वतः चालवलं. तेवढ्याच किमतीतलं एक हलकं निवडलं. बटण हाताशी, पलंगाखाली आडवं जाणारं. "तू आणलेल्याचा दांडा माझ्या छातीला लागायचा. तुला नाही लागला. तू उंच आहेस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू थांबलीस कुठे?"

मी दलालाचं विचारलं.

"येऊन गेला. बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, हे घर विकायचं नाही. माझ्या मुलाचं विकायचं असेल तर पत्ता देते. दादाला कळवलंय मी. त्यात तू पडायचं नाहीस. शनिवारी ये, चालवून दाखवते."

शनिवारी आईकडे जा. आणि तिचा केर काढून होईपर्यंत तोंड उघडू नकोस, बाई.