पायलीतले उत्तर

सिस्टर, १९७५ साली पोळ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, सातवीच्या वर्गात तुम्ही माझ्या तक्त्यावर लाल फुली मारली. तक्त्याचा विषय होता 'आपले राज्य'. सह्याद्री, नद्या, एका कोपऱ्यात गड, दुसऱ्यात राजमुद्रा, सगळे मी बिनचूक काढले होते. इतिहासात एक ओळ आपणहून घातली होती, की आईबाबांचे लग्न झाले तेव्हा आमचे गाव मध्य प्रदेशात होते. तिला तुम्ही 'अनावश्यक' म्हणालात. तेही ठीक. फुली पडली ती शेवटच्या चौकटीवर, 'एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च'. तिथे मी न्हावी, सुतार, लोहार, सगळ्यांपुढे पायल्या लिहिल्या होत्या. पायली हे आमचे धान मोजायचे माप. शाळेच्या फाटकाबाहेरच्या बाजारात ते रोज भरले जात होते. तुम्ही कधी मान वळवून पाहिले नाही एवढेच.

"रुपये कुठे आहेत?" तुम्ही विचारलेत. मी म्हटले, "सिस्टर, आमच्याकडे रुपये देत नाहीत." तुम्ही म्हणालात, "हे राज्य आहे की जंगल?" वर्ग हसला. पुढे शाळा सुटेपर्यंत "ए पायली, सरक ना वो" हीच मला हाक होती. त्याचे मला काही वाटत नाही. तेव्हाही फारसे वाटले नव्हते.

पालकसभेला बाबा आमच्या गावाहून, मोहाडीकडून, एस.टी.ने आले. धुतलेले धोतर, हातात टोपी. भिंतीवरचे सगळे तक्ते ते एकेक करून पाहतात, मग तुमच्यापाशी येतात. "पोरीचा कागद काहून नाही लावला जी?"

"तिने रुपये लिहिले नाहीत. उत्तर चूक आहे."

बाबा हसतात. "कोठून लिहिन ते? रुपया आमच्या घरी पाव्हणा येते जी. मुक्काम नाही करत."

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "घरात तुम्हीच असे बोललात तर मुलगी काय शिकणार?" बाबांनी मान हलवली आणि टोपी घातली.

त्या वर्षी धान निघाल्यावर सुतार आपला वाटा न्यायला आला. मी ओसरीवर बसले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि त्याला रुपयांत आकडा सांगितला. तो गांगरला. "मालक, मले धान पाह्यजे. रुपये घेऊन का करू?" बाबा हळूच म्हणाले, "धानच देतो रे बापा. पोरीसमोर रुपयात बोला लागते."

त्यानंतर माझ्यासमोर त्यांच्या तोंडून पायली हा शब्द कधी निघाला नाही. स्वतःच्या ओसरीवर ते माझ्याशी पाहुण्यासारखे बोलू लागले. तुमची फुली तक्त्यावर थांबली नाही, सिस्टर.

तुम्ही वारल्याचे कळले तेव्हा मी वांगी चिरत होते. चिरतच राहिले.

बाबा आता नव्वदीला आले आहेत. ऐकू येत नाही, वाचता येते. म्हणून उत्तर लेखी हवे. 'तुमच्या मुलीचे उत्तर बरोबर होते', एवढेच, तुमच्या सहीने. तुम्ही पाठवणार नाही हे मला कळते. तुमच्या नावाने मीच लिहायला बसले होते, पण माझे अक्षर ते ओळखतात. तेव्हा तुम्हीच लिहा. तुळशीच्या लग्नाआधी मिळाले पाहिजे.