दैवशालाचा फळा

हसनाबाद, १५ सप्टेंबर २०२५
ती. बेबीनंदा आत्यास,
आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की आई कान देऊन असते, म्हणून पत्र. आमच्या वर्गातली दैवशाला गेली. कपाशीत साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मीबी लई रडले, आत्या. पण खरं सांगू? मला अजून तिचा राग येऊन राह्यलाय. जिती होती तवा पहिला नंबर तिचा, मी दुसरी. आता तर देवीच केली तिची!

शाळेच्या फळ्यावर तिनं लिहिलेला शेवटचा सुविचार बारा दिवस कुणी पुसू देईना. या हप्त्याला लिहायची पाळी माझी. तिच्यासारखं अक्षर यावं म्हणून दोन वर्षं मी चोरून तिच्या वह्या गिरवते, कुणाला ठाव न्हाई. आज सकाळी मी फळा पुसला अन् माझा सुविचार लिहिला. सगळी शाळा अंगावर आली. मच्छिंद्र सरांनी माझं पुसून पाळीच काढून घेतली. मी वाईट आहे का गं? जल्दी लिही.

तुझी भाची,
आकांक्षा

मंठा, २० सप्टेंबर
चि. आकांक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी राग आला, मंग हसू. अगं, दादाला तुझ्या आईच्याच हातची भाकर गोड लागायची, तर मी वर्षभर वहिनीशी धड बोलले न्हाई! पण पाळी तुझी असली तरी दुःख सगळ्यांचं होतं, पोरी. तिच्या आईकडं जाऊन नुसती बस. जेवत जा बराबर.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

हसनाबाद, २८ सप्टेंबर
ती. आत्यास,
शि. सा. न.

मी जायच्या आधी काल दैवशालाची आई, साळूकाकूच शाळेत आल्या. लेकीचं फळ्यावरचं अक्षर बघायचं म्हणाल्या. पुसल्याचं त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं! सर पांढरेफटक पडले. काकू ऑफिसात पाणी पिऊन राह्यल्या तवर मी खडू घेतला अन् तिचा सुविचार जसाच्या तसा लिहिला. तिची गोल अक्षरं, खालची वेल, कोपऱ्यातली तारीखसुद्धा.

पुसून जाईल म्हणून काकूंनी हात लावला न्हाई, नुसता जवळ धरला. माझ्या लेकीसारखं अक्षर कुणाचंच न्हाई, म्हणाल्या. सर माझ्याकडं बघत राह्यले. मंग मला पाळी परत दिली, पण मीच घेतली न्हाई. आता तो फळा मी कुणाला पुसू देत न्हाई.

इतकं चांगलं अक्षर मी जन्मात काढलं न्हवतं, आत्या, अन् कौतुक पुन्हा तिचंच झालं. आता पहिली आले तरी मी दुसरीच.

माझ्यावरची माया पातळ करू नको.

तुझी,
आकांक्षा