‘पाण्याखालचे घड्याळ’च्या मूळ टेपची व्यवस्था

आले ते असे: मोठा खोका एक. त्यात रेकॉर्डी दोन, सीडी तीन, फोटोंचे जाड पुस्तक एक आणि कशासाठी आहेत ते न कळलेले पुठ्ठ्याचे गोल तुकडे चार. पाठवणारे माझे धाकटे दीर. खोका भेट म्हणून आला, पण टपालवाल्याने दारात कराचे म्हणून जे घेतले त्यात महिन्याचे दूध आले असते. पावती जोडली आहे. या खोक्यामुळेच आज हे मृत्युपत्र करीत आहे, नाहीतर मला इतक्यात मरायची घाई नव्हती.

मी खाली सही करणारी, वय शहात्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे. माझे डोके ठिकाणावर आहे. दोन्ही कानही चांगले आहेत, तसे डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिले आहे, कारण पुढचा सगळा कारभार कानांवर आहे. मला कोणी धमकावलेले नाही. आग्रह मात्र झाला, तो मी मानलेला नाही. देवाला स्मरून लिहिते.

पहिले. राहते घर लेकीला. स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठी खोली करण्याचा जावयांचा बेत आहे. मी गेल्यावर खुशाल पाडावी. पण मी बाजारात गेले असे समजून गवंडी मापे घेऊन गेला, ते मी जिन्यातून पाहिले आहे, एवढे त्यांना कळावे.

दुसरे. बँकेतली ठेव लेकीला. पहिल्या वर्षाचे व्याज प्रार्थनेच्या सभागृहात पंखे बसवायला. बसले की नाही ते लेकीने स्वतः जाऊन, वर मान करून पाहावे. मागच्या वर्गणीतून एकच पंखा लागला, तो अध्यक्षांच्या खुर्चीवर.

तिसरे. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. वरच्या मजल्यावरच्या बाईंना काही नाही. माझे मोठे पातेले त्यांच्याकडे आहे, तेच दिले असे समजावे.

चौथे. यांचा ऑर्गन भाऊजींना, म्हणजे वर सांगितलेल्या दिरांना. उचलायला चार माणसे लागतात, ती त्यांनी आणावीत. झाकणावर इस्त्रीचा डाग आहे, तो माझा.

पाचवे. रेकॉर्डी सगळ्या लेकीला. इथे सविस्तर लिहावे लागते. माझे यजमान दिवसा टेलिफोनच्या तारा जोडीत आणि संध्याकाळी धाकट्या भावाच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवीत. भाऊजींची गिटार. त्यांनी एकच रेकॉर्ड काढली, ‘पाण्याखालचे घड्याळ’. तिची दुसरी बाजू म्हणजे सबंध एकच गाणे. माझी प्रार्थना आटोपते तेवढ्या वेळात त्यांची नुसती सुरुवात होते. मला ते संगीत तेव्हाही आवडले नाही, आजही आवडत नाही. पण त्या गाण्याच्या मध्यावर बाकीचे सगळे थांबतात, ऑर्गन एकटा उरतो, आणि ऑर्गनच्या खाली अगदी बारीक, हे गुणगुणताना ऐकू येतात. वाजवताना गुणगुणायची यांना खोड होती, ती माइकने पकडली. लेक तीन वर्षांची असताना हे गेले. घरात फोटो पुष्कळ आहेत. आवाज तेवढाच.

तेव्हापासून कंपनीने ही एकच रेकॉर्ड पुनःपुन्हा विकली, आणि दर वेळी वर छापले की आता पूर्वीपेक्षा स्वच्छ. मी प्रत्येक ऐकली आहे. कॅसेटच्या एका बाजूला गाणे मावेना म्हणून मधोमध तोडले, नेमके गुणगुणण्यापाशी. पहिल्या सीडीत खरखर काढली, तिच्याबरोबर माणूसही काढला. पुढच्या सीडीत सगळ्यांचाच आवाज चढवून ठेवला, लग्नघरात सगळे एकदम बोलतात तसा. गुणगुण कुठेच नाही. बँडचा व्यवहार भाऊजी बघतात, म्हणून पहिल्या सीडीच्या वेळी मी त्यांना घरी बोलावून विचारले.

‘वहिनी, तो रेकॉर्डिंगमधला दोष होता. लोक पैसे परत मागतील.’

‘तुमच्या गिटारचे कोणी मागितले का?’

त्यानंतर ते बरीच वर्षे या घरी आले नाहीत.

आता हा खोका. यात म्हणे सगळ्या वाद्यांचे आवाज वेगळे करून नव्याने मिसळले आहेत. मी रेकॉर्ड लावली, गाण्याच्या मध्यावर सुई ठेवली, आणि हातातला चहा तसाच राहिला. हे खोलीत होते. जुन्या रेकॉर्डवर कान लावून बसावे लागते, इथे दारात उभ्या माणसालाही ऐकू येईल. मी देवापुढे जाऊन बसले. मग उठून पुन्हा ऐकले, आणि मला संशय आला.

गुणगुणण्याआधी नाकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. यांचे नाक लहानपणी मोडलेले, जन्मभर तोंडाने श्वास घेतला. शेजारी झोपणाऱ्या बाईला हे कोणी सांगावे लागत नाही. शिवाय गुणगुण सुरात आहे. यांचा सूर बोटांत होता, गळ्यात नव्हता. पण शेवटी एके ठिकाणी बोट चुकते आणि हे ‘हत्!’ म्हणून हसतात. ते हसणे यांचेच आहे. जुन्या रेकॉर्डवर ते ऐकूच येत नाही, मग यंत्राला ते कोणी शिकवले?

तेवढ्यात भाऊजींचा फोन.

‘ऐकलंत ना वहिनी? दादा आहे की नाही?’

‘आहेत. आले कुठून?’

‘जुन्या रेकॉर्डवरूनच काढलाय. आता कॉम्प्युटर मिसळलेलं वेगळं करतो.’

‘दुधातलं पाणीही करतो का?’

‘तुम्ही पण ना! आवाज जिथे तुटत होता तिथे थोडं भरलंय, बाकी सगळा तोच.’

‘कशानं भरलंय?’

भाऊजी म्हणाले, ‘मूळ टेप दिलीत तर भरायलाच लागणार नाही.’

इथे मला खोक्याची किंमत कळली.

सहावे. मूळ टेप. रुंद फितीची दोन चाके, पत्र्याच्या डब्यात, अंथरुणांच्या कपाटात खाली. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने कचऱ्यात काढली होती, ती यांनी सायकलवरून घरी आणली. तिच्यावर प्रत्येक वाद्य वेगवेगळे घेतलेले आहे, त्यामुळे ऑर्गन एकटा लावता येतो. खरे काय ते तिथेच कळेल. पण खोक्याचे काम ज्यांनी केले त्या मिक्सिंगवाल्या बाई म्हणतात, फीत जुनी होऊन चिकट झाली असेल, मंद भट्टीत वाळवावी लागेल, मग ती एकदा नीट वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असे नाही. भट्टी म्हटल्यावर मी फोन ठेवला होता. नंतर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारले, तोही तेच म्हणाला. म्हणजे ज्यांचा संशय, त्यांच्याच हातात डबा द्यायचा, आणि तोही एकदाच.

म्हणून या कलमात मी आधी लिहिले होते की टेप माझ्याबरोबर जाळावी. लेकीने ते भांडी पुसता पुसता वाचले.

‘आई, केवढा धूर होईल! आणि तुला कळायचं राहूनच जाईल की.’

‘माझ्यामागे तू ऐक.’

‘मी ऐकून काय करू? मला बाबांचा आवाज आठवतो तरी का?’

तिने फडके तारेवर टाकले आणि गेली. मी ते कलम खोडले, खोडलेल्या जागी सही केली आहे.

राहता राहिले भाऊजी. गिटारीपुढे उभे राहून राहून त्यांच्या दोन्ही कानांत आता यंत्रे आहेत. ते मुद्दाम खोटे बोलतात असे मी लिहीत नाही. त्यांना किती ऐकू येते, ते देवाला ठाऊक. म्हणजे रेकॉर्डवरचा माणूस खरा की भरलेला, हे ओळखणारी मी एकटीच उरले आहे.

तरी टेप मी मिक्सिंगवाल्या बाईंना देते, भाऊजींना नाही. अट एवढीच: भट्टीतून काढल्यावर पहिल्यांदा फक्त ऑर्गन लावावा, त्यात काही भरू नये, काही पुसू नये, आणि मी समोर बसलेली असावी. भाऊजींनी यावे, पण यंत्रांना हात लावू नये. ऐकून झाल्यावर मी हो किंवा नाही सांगेन. नाही निघाले तर खोक्यावर तसे छापावे. दोन्हीपैकी काहीही निघाले तरी टेप बाईंची.

सही: (यांची पत्नी)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना. २. रेडिओ दुरुस्तीवाले. दोघांनी पूर्ण वाचून सही केली, डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचून.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. तारीख: नऊ फेब्रुवारी, सोमवार.

नक्कल मिक्सिंगवाल्या बाईंना: मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, हे मला माहीत आहे. पण सहावे कलम तोवर थांबले तर त्याचा काही उपयोग नाही, हे वाचून तुमच्याही लक्षात आले असेल. फोन नको, फोनवर कोणीही काहीही कबूल करते. डबा मी स्वतः घेऊन येईन. भट्टी कोणत्या दिवशी लावता, ते उलट टपाली कळवावे.