हजेरीची यादी

बाई, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. एका शाळेत होतो तोवर शिपायाच्या हातची चिठ्ठी पुरायची, आणि नंतर तुम्हीच राहिला नाहीत. आज सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा उगाच गॅलरीतले वाळलेले कपडे काढून आणले, एकदा पोळ्यांची कणीक मळून ठेवली. हात रिकामे राहिले की तो शनिवार आठवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीतल्या आपल्या शाळेला एका पालकाने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर दिला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, यंत्रावर कायम कापडाचं आवरण. बाकीच्या शिक्षकांना तो हायस्कूलचा दागिना वाटायचा; तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात मला बोलावलंत. "दोन वर्षांत मी निवृत्त होणार. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी मला शिक्के कुठल्या खणात असतात तेवढं दाखवलं आणि गेले. तुझं तसं व्हायला नको. शनिवारी शाळा सुटली की थांबत जा." मग दर शनिवारी तुम्ही मला एक अडचण द्यायचात. गणिताचे शिक्षक तीन महिने रजेवर गेले, वेळापत्रक लाव. आठवीच्या दोन तुकड्या एक करायच्या, कोणाला कुठे बसवशील? मी यंत्रावर तक्ते मांडायचे, तुम्ही मागे उभ्या राहून विचारायचात, "हे असंच का?" उत्तर आलं नाही की सगळं पुसून पुन्हा. मला चीड यायची, आणि घरी जाताना मनातल्या मनात मी तुमच्या खुर्चीवर बसलेलीही असायचे.

त्या वर्षी मी दहावीची वर्गशिक्षिका होते. हजेरी कमी असलेल्या मुलांचे बोर्डाचे फॉर्म थांबवायचे होते. तुम्ही म्हणालात, यादी तू कर. मी सगळं रजिस्टर यंत्रात भरलं. नावं नीट दिसावीत म्हणून इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली, कमी आकड्यांची नावं काढली, आणि एका शनिवारी सकाळी तुम्हाला न दाखवताच कागद सूचनांच्या फळ्यावर लावून टाकला. किती लवकर काम केलं, हे तुम्हाला आयतं दिसावं, एवढीच हौस होती.

सोमवारपासून एक मुलगी यायची बंद झाली. खाडीकडच्या गावातली, दुसऱ्या बाकावर बसणारी, अक्षर मोत्यासारखं. चौथ्या दिवशी तिची आई थेट तुमच्या ऑफिसात आली. बाजारात मासळी विकायची ती. टोपली बाहेर ठेवून दारातच उभी राहिली. "माजी पोर येक दिस घरान रेली नाय, बाय. रोज शालेत जाते सांगून निंगते. यादीन नाव आलं तवापासून तिचा बापूस इचारतो, मंग जात व्हती कुठं? आता शाला बंद, सोयरीक बघतो म्हनतो."

तुम्ही रजिस्टर मागवलंत आणि बोट ठेवून एकेक खूण मोजलीत. मुलगी वर्षभरात एकही दिवस गैरहजर नव्हती. मग तुम्ही मला यंत्र लावायला सांगितलंत, आणि पडदा उजळला तसं मला कळलं. मी नावांचा रकाना तेवढा निवडून अक्षरांप्रमाणे लावला होता. शेजारचे आकडे होते तिथेच राहिले होते. नावं हलली, हजेरी हलली नाही. दुसऱ्याच कुणाच्या दांड्या तिच्या नावावर पडल्या होत्या.

"यंत्र चुकलं की तू?" तुम्ही विचारलंत.

"यंत्रच असेल, बाई," मी म्हणाले.

तुम्ही रजिस्टर मिटलंत. मग आवाज न चढवता म्हणालात, "यंत्राचं राहू दे. तू रोज तिची हजेरी घेतेस. ते नाव यादीत बघून तुला काहीच वाटलं नाही?"

त्याच दुपारी आपण रिक्षाने तिच्या घरी गेलो. वडील ओट्यावर जाळं विणत होते, त्यांनी मान वर केली नाही. तुम्ही उभ्यानेच म्हणालात, "चूक शाळेची आहे. शाळेची मुख्याध्यापिका मी, म्हणजे चूक माझी. तुमची मुलगी कुठेही गेली नव्हती, वर्गात होती." त्यांचा हात थांबला. तरी होकार यायला तासभर गेला. तुम्ही रजिस्टर सोबत नेलं होतंत, त्यातली एकेक तारीख त्यांना वाचून दाखवलीत. मी तुमच्या मागे उभी होते. मुलगी आतल्या दारात होती. निघताना ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, मी रोज 'हजर' म्हणायचे ना? तुम्ही ऐकायचात ना?" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे झाले.

ती परीक्षेला बसली, चांगली पास झाली. निकाल घ्यायला आली तेव्हा तुमच्या पाया पडली, माझ्याकडे न बघता गेली. निवृत्त होताना तुम्ही तुमच्या जागी संस्थेला माझं नाव सुचवलंत. पुढे तुमच्या आजारपणात कोपरीला तुमच्या घरी आले होते, आठवतं? उशीला टेकून तुम्ही विचारलंत, "शाळेत काय नवीन?" यंत्र नाही, मीच चुकले होते, हे सांगायचंच म्हणून आले होते मी. पण नव्या कॉम्प्युटरांबद्दल बोलत राहिले, चहा संपवला आणि उठले. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

आता मीही निवृत्त आहे. होणाऱ्या मुख्याध्यापकांना शिकवायला ठाण्यात बोलावतात. त्यांच्यापुढे पडद्यावर एक खोटी शाळा असते: खोटी मुलं, खोटे पालक, खऱ्यासारख्या अडचणी. निर्णय चुकला तरी कोणाची शाळा बंद होत नाही. काल मी त्यांना ती यादी सांगितली, तुमचा प्रश्न सांगितला, ओट्यावरचं तुमचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "मॅडम, ती यादी करणारी वर्गशिक्षिका कोण होती? तिचं पुढे काय झालं?"

मी म्हणाले, होती कुणीतरी, पुढे काही कळलं नाही.