चटणी संघात घालावी की नाही, याबाबत

मी, चिमणाबाई गुंडू चौगले, वय चौऱ्याहत्तर, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, कुणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दुपारी डोळा लागतो, तेवढा वेळ सोडून तो खरा धरावा.

१. राहते घर मुलगा आदर्श याला. त्याला मिरचीचा ठसका सोसत नाही, म्हणून कांडप त्याला देत नाही. बँकेतील ठेव नातीच्या शिक्षणासाठी आहे. तिच्या लग्नासाठी त्यातला पैसा काढू नये.

२. मिरची कांडपाचे यंत्र, चाळण्या व तराजू सून अनुजा हिला. यावर तिचा एकटीचा हक्क राहील.

३. जिल्ह्यातल्या कांडपवाल्यांनी मोठा संघ काढला आहे. सगळ्यांची चटणी एकत्र करून, एकाच नावाच्या पाकिटात भरून देशभर आणि परदेशात विकायची. अट एवढीच की घरगुती कांडप बंद करायचे. अनुजा म्हणते, "आत्ती, उन्हाळा सरला की यंत्र गप्पच असतंय की. संघात गेलो तर बारमाही काम हाय. पेठेतल्या पोरींना बी रोजगार मिळंल." ती खोटे बोलत नाही.

पण आमच्याकडे बाई आपली मिरची घेऊन येते आणि आपली चटणी दुसरीच्यात मिसळू नये म्हणून यंत्राशेजारी बसून राहते. तेवढ्यात लग्ने जमतात, सासवा सोलून निघतात. या बायका एकदा दुसरीकडे गेल्या आणि पुढे संघाने आपला माल नको म्हटले, तर काय करायचे?

हल्ली दुपारी मला पंचगंगा लाल दिसते. सगळ्या घरांची चटणी तिच्यातून वाहत असते आणि घाटावर बायका रिकामे डबे घेऊन आपापली शोधत असतात. कुणालाच ओळखू येत नाही. मला भीती वाटते. मग तेच पाणी कुठल्या तरी बर्फाच्या गावाला पोचते. तिथे एक पोरगी पाकीट फोडते, तिला ठसका लागतो, डोळे भरून येतात आणि ती एकटीच हसते. तिचे तोंड मला दिसत नाही. जाग आल्यावर तिच्यासाठी जीव तुटतो.

४. म्हणून माझ्या दिवसकार्याचा रस्सा संघाच्या पाकिटातल्या चटणीत करावा. कुणाला सांगू नये. वकील म्हणाले, "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत न्हाईत." मी म्हटलं, "मग कुठं लिहू? मेल्यावर फोन करू व्हय?"

पहिल्या पंगतीत शेजारीण धोंडुबाई हिला बसवावे. आपली चटणी दुसरीच्यात मिसळली म्हणून ती दर उन्हाळ्यात माझ्याशी भांडली. एकदाही मिसळली नव्हती. तरी तिच्यासारखी जीभ पेठेत दुसरी नाही.

अनुजा, पहिल्या घासाला तिने मान वर करून तुझ्याकडे बघितले, तर संघाच्या कागदावर सही करू नकोस. मुकाट्याने जेवली, वर रस्सा मागून घेतला, तर खुशाल कर. मला वाईट वाटणार नाही. थोडे वाटेल, पण तेव्हा मी नसेन.

हे मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

(सही) चिमणाबाई गुंडू चौगले

साक्षीदार, आम्हां दोघांसमोर सही झाली:
१. केरबा भाऊ सुतार
२. त्र्यंबक वासुदेव हर्डीकर

कोल्हापूर, दि. १४ मे २०२५