कानाचं मशीन आणि माझे निरोप

१२ जानेवारी, रविवार

आजही तेच! सांगलीहून जयराजचा फोन आला. आमच्या ह्यांनी कानाच्या मशीनला मोबाईल टेकवला, आणि घुर्रर्र... लगेच माझ्या हातात कोंबला. "रेडिएशन हाय ते! सरळ मेंदूत शिरतंय!" सुभेदार माणूस. तोफखान्यात कान गेले तेव्हा भ्याले नाहीत, आता वीतभर मोबाईलला भितात! स्पीकर लावला तर म्हणे नुसता गलका ऐकू येतो. मग मीच अंगणात जाऊन पोराशी बोलते, आणि आत येऊन ह्यांच्या कानाशी ओरडते.

१४ जानेवारी

संक्रांत. आज गोड बोलायचं, म्हणून निदान वहीत तरी खरं लिहिते. तीन वर्षं मी निरोप बदलतेय. पोरानं आर्मीचं ट्रेनिंग अर्धवट सोडून केकचं दुकान काढलं, तेव्हापासून बापलेक सरळ बोललेले नाहीत. हे म्हणतात, "इचार त्याला, बंदूक टाकून क्रीमची पिचकारी धरली, बरं वाटतंय का?" मी सांगते, "दुकान कसं चाललंय विचारतायत." पोरगं म्हणतं, "त्यांना काय पडलंय माझं?" मी आत येऊन सांगते, "तुमच्या गुडघ्याचं विचारतोय." काय चेहरा फुलतो ह्यांचा! पाप लागत असेल तर लागू दे.

२१ जानेवारी, मंगळवार

सातारला गेलो, कान तपासायला. तिथल्या अक्षता मॅडम अगदी लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, मोबाईलच्या लहरींनी मशीन घुरघुरतंय. त्यानं अपाय नाही. हा मोबाईल तुमच्या मशीनला जुळत नाही, एवढंच." ह्यांना पटेना. मग त्यांनी ह्यांच्याच मोबाईलवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं. रेडिएशनचा आकडा आला — एकाच्याही खाली! मर्यादा एक पूर्णांक सहा. आकडा बघितला आणि ह्यांचा विश्वास बसला. बायकोवर अजून बसायचाय!

मशीनला जुळणारा मोबाईल घ्यायचा, मशीनचं बटण 'टी'वर करायचं, की आवाज थेट कानात. हे म्हणाले, "मग पोराशी मीच बोलीन." म्हणजे माझे तीन वर्षांचे निरोप उघडे पडणार!

२४ जानेवारी

कोरेगावातनं नवा मोबाईल आणला. जेवण गेलं नाही. जयराजला आधीच सांगून ठेवू का? पण रागावून त्यानं फोनच बंद केला तर? आणि ह्यांना कळलं, पोरानं तीन वर्षांत एकदाही आपली चौकशी केली नाही, तर? नको गं बाई. 

२६ जानेवारी, रविवार

ह्यांनीच फोन लावला. "जयराज? मी बोलतोय रं." पुढं पोराचं मला एक अक्षर ऐकू येईना! सगळं ह्यांच्याच कानात. मी लसूण सोलत बसले, तर सोललेल्याच पाकळ्या परत हातात घेत होते. ह्यांचं मधेच — "आरं न्हाई... तुझी आई सांगायची की, लय चौकशी करतोस म्हणून." मेले! आता पोरगं म्हणणार, मी कधी केली? पण हे 'आरं पन... आरं पन...' करत आधी आवाज चढवत गेले, मग उतरवत.  मग उपरण्यानं डोळे पुसले.

"काय म्हणाला?"

"काय न्हाई. आईची लय आठवण येती म्हणाला. तुझ्या हातची चव सांगलीत कुटं मिळत न्हाई म्हणाला."

मला तर भरूनच आलं. किती गुणाचं पोरगं माझं!

२७ जानेवारी

सकाळी परसात जाऊन गुपचूप जयराजला फोन केला. म्हटलं, "अरे, आठवण येते तर मलाच सांगायचं की!" तो म्हणाला, "आई, काल तुझा विषयच निघाला नाही गं. आम्ही भांडलो, रडलो, आणि बाबांनी फोन ठेवला."

खोटं गोड बोलणं मला एकटीलाच जमतं, असं वाटत होतं. येडी कुठली!