चौकातला एक कोटी अंशाचा फ्लेक्स

मु. शेलूबाजार

चि. रंजीतास गोपीचंद काकाचे पोटभर आशीर्वाद. इकडं समदं ठीक हाये, माहे गुडघे सोडून. तू वेळेवर जेवते का? (हे तुही काकू कमलीबाई विचारून राह्यली, मी विचारलं तं तू चिडते.)

तू फोनवर रडली तवापासून मले चैन नाही. चूक माहीच. तुमच्या प्रयोगशाळेतल्या त्या तापलेल्या वायूचं, प्लाझ्मा का काय त्याचं, तापमान एक कोटी अंश निघालं एवढं तू बोलली, अन् मी चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावून मोकळा झालो. (आपल्या इथं पोरगं तलाठी झालं तरी लागते, मंग एक कोटी अंशाले काहून नाही?) आता तू म्हणते का ते चाळीस लाखच हाये. लोकायले समजावता समजावता माहा घसा बसला. एक जण तं म्हणे, मधातले साठ लाख अंश गेले कुठं, चौकशी लावा!

मंग मी चहाच्या टपरीवर सोयाबीन घेऊन बसलो. म्हटलं, अडत्या पोत्यातून मूठभर दाणे काढून ओलाव्याच्या मशीनमंदी टाकते का नाही? त्या मुठीत चार दाणे ओले आले का सारं पोतं ओलं ठरते. पोरीचं तसंच झालं. प्लाझ्मात थर्मामीटर घालता येत नाही, वितळून जाईन. म्हणून त्याच्या उजेडाचे रंग मोजून तापमान काढा लागते. हिशोबात सारे इलेक्ट्रॉन एका तापाचे धरले, पण शंभरातले दोन निघाले उधळलेले. त्यायनं अणूंले धडका देऊन उजेडच बदलवला, अन् बिचाऱ्या अठ्ठ्याण्णवांच्या नावावर एक कोटी चढलं. लोकायले पटलं. फक्त ते दोघं कोण्या गावचे, हे अजून विचारून राह्यले.

अन् हे तूच शोधलं ना, स्वतःच्याच आकड्यावर शंका घेऊन? (मी माह्या कोणत्याच आकड्यावर कधी घेतली नाही, काकूले विचार.) मंग तोंड कायले लपवते, माय? मले तुहा लय अभिमान वाटते. शिक्षण सोडायचं नाव काढू नको. फ्लेक्स उतरवला, सत्कारही रद्द केला. बिनधास्त घरी ये.

तुहा,
गोपीचंद काका

ता. क. सत्कार रद्द केला हे खोटं हाये. रविवारी अकरा वाजता, शाळेत.

ता. क. दुसरा. हार-नारळ काही नाही. दहावीच्या साठ पोरी येऊन राह्यल्या. त्यायच्या विज्ञानाच्या बाई म्हणे, प्रयोगवहीत समद्या उत्तर आधी लिहितात अन् निरीक्षण मागून जुळवतात. आपलं चुकलं असं लिहायची एकीचीही हिंमत होत नाही. मी शब्द देऊन बसलो का आमची रंजीता येऊन सांगीन, चुकल्यावर पुढं काय करायचं असते. आता तूच सोडून दिलं, तं मी त्या पोरींले काय सांगू?